गाडी पार्क करताना हेल्मेट लॉक कसं करायचं : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार! दुकानात नवीन हेल्मेट घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण सांगतात की आधीचं चोरीला गेलं, आणि कुठून गेलं विचारलं तर कोणी तुळशीबाग सांगतं, कोणी एफसी रोड, कोणी स्टेशनचं पार्किंग, कोणी मुलाच्या क्लासबाहेरची गल्ली, आणि दहाच मिनिटांचं तर काम होतं म्हणतात. म्हणून हे माहितीपत्रक काढलंय. लॉक आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून घ्या, पण लावायचं कसं ते नीट समजून घ्या, कारण चुकीचं लावलेलं लॉक असून नसल्यासारखंच.

सगळीकडे दिसणारी पद्धत म्हणजे पट्टा आरशाला नाहीतर मागच्या हँडलला गुंडाळायचा आणि बकल टक्कन लावून निघायचं. हे लॉक नाहीच. आजकाल बऱ्याच हेल्मेटना दाबून सुटणारं बकल असतं, तुम्ही ते एका बोटाने काढता तसंच दुसराही काढतो. काही जण पट्ट्यातून केबल लॉक (म्हणजे कुलूप असलेली जाड तारेची दोरी) घालतात, ते थोडं बरं, पण पट्टा शेवटी नायलॉनचाच, धारदार ब्लेडने पटकन कापला जातो. आणि चोर अर्धवट कापून पळाला तरी नुकसान तुमचंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधे हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेलं असलं पाहिजे असं आहे, आणि ते बरोबरच आहे, पडताना डोक्यावर न राहणारं हेल्मेट काय कामाचं! पट्ट्याला जरा जरी कापा दिसला तर ते हेल्मेट वापरू नका, आणि शिवून तर अजिबात घेऊ नका. असे शिवलेले पट्टे घेऊन लोक येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

मग करायचं काय? फुल फेस हेल्मेट असेल तर काच वर करा, केबल खालून म्हणजे मान जाते तिथून आत घाला आणि तोंडाच्या जागेतून बाहेर काढा, म्हणजे ती हनुवटीपुढच्या कडक पट्टीभोवती येते. आता पट्टा कापून काही उपयोग नाही, कवच फोडावं लागेल आणि फोडलेलं हेल्मेट कोणी घेत नाही. (हनुवटीचा भाग वर उचलणारं फ्लिप-अप मॉडेल असेल तर तो भाग खाली पक्का बसवूनच लॉक करा आणि बटण दाबून केबल निघते का ते आधी स्वतः बघा.) हाफ फेसला ही सोय नाही, तिथे पट्ट्याशिवाय धरायला काही नसतं, त्यामुळे स्कूटर असेल तर सरळ डिकीत टाका. फुल फेस डिकीत बसत नसेल तर सीट दाबून बसवू नका, काचेवर चरे पडतात. बऱ्याच स्कूटरना सीटखाली बिजागरीजवळ छोटे हुक असतात, पट्ट्याची कडी त्यात अडकवून सीट बंद करायची, पण तिथेही भिस्त पट्ट्यावरच म्हणून थोड्या वेळासाठीच ठीक.

केबलचं दुसरं टोक कुठे? मोटरसायकलला साडीगार्ड सगळ्यात चांगला, किंवा मागचं बोल्ट केलेलं हँडल. आरशाच्या दांडीला नको, ती पान्याने निघते. चाकातून तर मुळीच नको, घाईत विसरून गाडी पुढे घेतली की केबल अडकून तुम्ही पडाल. सायलेन्सरच्या बाजूलाही नको, तापलेल्या पाइपला टेकलं तर कवच आणि आतला थर्माकोल दोन्ही खराब होतात, म्हणूनही साडीगार्डची डावी बाजू बरी कारण सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो. आरशावर नुसतं टोपीसारखं ठेवण्याची सवय पण सोडा, आरशाचं टोक आतल्या थर्माकोलला दाबून खड्डा पाडतं आणि पडल्यावर मार शोषून घेणारा भाग तोच असतो. आणि साइड हुकला हेल्मेट लटकवून गाडी चालवू नका, ते मागच्या चाकात जाऊ शकतं.

केबल घेताना जाडी बघा. पाच-सहा मिलिमीटरची केबल छोट्या कटरने तुटते, दहा-बारा मिलिमीटरवाली बरीच तग धरते पण मोठा कटर घेऊन आलेल्यापुढे तीही टिकणार नाही, हे आम्ही विकताना स्पष्ट सांगतो. जाता जाता उचलणाऱ्या भुरट्या चोरासाठी ती पुरते. लांबी साधारण एक मीटर घ्या म्हणजे मागे बसणाऱ्याचं हेल्मेटही त्यातच येतं, त्यालाही हेल्मेट लागतंच.

नंबरचं लॉक घेतलंत तर तीन चाकांवर १००० नंबर होतात आणि चारवर १०,०००, म्हणून चारवालं घ्या. कंपनीचा ०००० नंबर घरी जाऊन लगेच बदला, गाडीचा नंबर ठेवू नका कारण तो समोर प्लेटवरच लिहिलेला असतो. लॉक केल्यावर बरेच जण फक्त शेवटचं चाक एक घर फिरवतात, असं करू नका, चारही चाकं विस्कटा.

पावसाळ्यात हेल्मेट तोंड वर करून लटकलं की आत पाणी साठतं आणि अस्तर दिवसभर ओलं राहतं, तेव्हा तोंड खाली येईल अशी केबल आखूड करा आणि वरून प्लास्टिकची पिशवी घाला. घालण्याआधी आत एकदा हात फिरवून बघा, झाडाखाली गाडी असेल तर मुंग्या-किडे असतात.

गाडी आणि हेल्मेट दोन्ही घेऊन दुकानात या, कुठून केबल टाकायची ते तुमच्याच गाडीवर दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. नंबर विसरलात तर बिल आणि गाडीची आरसी आणा, लॉक कापून देऊ, पण या दोन्हीशिवाय कोणाचंही लॉक आम्ही कापत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.