लो-प्रोफाइल सीपीयू कूलरचे मूल्यमापन

मिनी-आयटीएक्स प्रकारच्या मदरबोर्डभोवती (१७० × १७० मिमी.) रचलेल्या संगणकाच्या लहान केसमध्ये (कॅबिनेटमध्ये) प्रोसेसर (सीपीयू) थंड ठेवण्यासाठी कमी उंचीचा कूलर वापरतात. नेहमीचा टॉवर (उभ्या मनोऱ्यासारखा) कूलर सुमारे १५० ते १६५ मिमी. उंच असतो, तर अशा अनेक केसमध्ये कूलरला ४० ते ७० मिमी. एवढीच जागा मिळते. नॉक्टुआच्या एनएच-एल९आय या कूलरची पंख्यासह उंची ३७ मिमी. आहे आणि त्यातील १४ मिमी. एकटा पंखाच घेतो. यावरून उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांसाठी किती थोडी जागा उरते, हे ध्यानात येईल.

कूलर किती उष्णता हाताळू शकतो हे सांगणारा, त्याच्या खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा मूल्यमापनास पुरेसा नाही, कारण तो ठरवण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एकच पद्धत नाही. प्रोसेसरच्या आकड्याबाबतही तीच सावधगिरी हवी. एएमडीचा एएम४ सॉकेटवरील (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेवरील) ६५ वॅटचा प्रोसेसर मूळ मर्यादेनुसार ८८ वॅटपर्यंत शक्ती घेऊ शकतो, आणि इंटेलच्या कोअर आय७-१२७०० चा पायाभूत आकडा ६५ वॅट असला, तरी त्याची टर्बो मर्यादा, म्हणजे वेग वाढवताना घेता येणारी कमाल शक्ती, १८० वॅट आहे.

म्हणून चाचणीत प्रोसेसरची शक्ती एका ठरावीक मर्यादेवर बांधून, तापमान स्थिरावेपर्यंत त्यावर सलग भार ठेवतात. प्रोसेसर आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकाला वॅटने भागले की औष्णिक रोध मिळतो; तो जितका कमी, तितका कूलर चांगला. खोलीत २४° से. तापमान असताना ८० वॅटवर प्रोसेसर ८४° से. ला स्थिरावला, तर हा रोध दर वॅटला ०.७५° से. इतका येतो. शक्ती मोकळी सोडल्यास मात्र आधुनिक प्रोसेसर तापमानाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे बहुधा ९५° ते १००° से. पर्यंत चढतो आणि नंतर आपला वेग उतरवतो. अशा वेळी चांगला व सुमार कूलर एकच तापमान दाखवू शकतात, आणि खरा फरक टिकून राहिलेल्या वेगात व वॅटमध्ये शोधावा लागतो.

आवाजाची तुलना पंख्याच्या पूर्ण वेगावर करणे दिशाभूल करणारे असते. सर्व कूलरचा आवाज ठरावीक अंतरावरून मोजून सारख्या डेसिबेलवर आणावा, आणि मग तापमाने पाहावीत. आकड्यासोबत आवाजाचा पोतही नोंदवणे आवश्यक आहे, कारण बारीक पंख्याची तीव्र शीळ तेवढ्याच डेसिबेलच्या भरीव घरघरीपेक्षा अधिक जाचते.

उघड्या टेबलावरची चाचणी कूलरची एकमेकांशी तुलना करण्यास उपयोगी पडते. पण लहान केसबाबतचा निर्णय झाकण बंद करून घेतलेल्या मोजमापांवरच व्हावा. जाळीच्या पॅनेलला पंखा जवळजवळ टेकलेला असेल, तर त्याला बाहेरची थंड हवा थेट मिळते, मात्र जाळीमुळे हवा खळबळून आवाज वाढू शकतो. याउलट पंखा आणि पॅनेल यांच्यात मोकळी फट राहिली, तर पात्यांतून तापून निघालेली हवाच तो पुन्हा ओढतो. फट भरून काढणारी नळीवजा चौकट बसवल्यास हा दोष बराच कमी होतो. पंखा उलटा लावून हवा बाहेर फेकणे काही केसमध्ये लाभते, परंतु मग मदरबोर्डवरील व्होल्टेज-नियंत्रक घटक, रॅम आणि एम.२ ड्राइव्ह (माहिती साठवणारी छोटी पट्टी) यांना वरून मिळणारा वारा थांबतो. त्यामुळे त्यांची तापमानेही स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात.

बसवणीत रॅमची उंची, मागील आधारपट्टी आणि ग्राफिक्स कार्डाची खाच यांना कूलर अडतो का, हे तपासतात.