वर्ताचा की उदोर्नित्सा? श्कोत्स्यानच्या वाटेवरचे दोन खड्डे

स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्येला, इटलीच्या सीमेला लागून क्रास नावाचं चुनखडीचं पठार आहे. भूगोलात ‘कार्स्ट’ म्हणतात तो शब्द याच नावावरून आला. पठाराच्या कडेला श्कोत्स्यानच्या गुहा आहेत. १९८६ पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बहुतेक पर्यटक गुहा बघून परततात. पण वर, उघड्यावर, साधारण दोन किलोमीटरची एक अभ्यासवाट आहे. मला विचाराल तर निदान तासभर तिलाही द्यावा.

क्रासवर हिंडताना जमिनीत खड्डेच खड्डे दिसतात. लोणार पाहिलेल्या माणसाला गोल खड्डा दिसला की उल्का आठवते. इथे उल्केचा काही संबंध नाही, सगळं पाण्याचं काम आहे. फक्त ते दोन तऱ्हांनी होतं, आणि परकी पुस्तकं दोन्हींना सरसकट ‘डोलाइन’ म्हणून मोकळी होतात. स्लोव्हेनियन माणसाकडे मात्र दोन शब्द आहेत: वर्ताचा आणि उदोर्नित्सा.

वर्ताचा वरून खाली झिजत जातो. पावसाचं पाणी हवेतला थोडा आणि मातीतून मुरताना त्याहून कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल बनतं आणि चुनखडी विरघळवतं. जिथे दगडाला भेगा जास्त तिथे पाणी जास्त मुरतं, म्हणून तिथला दगडही जास्त विरघळतो. एकदा जरा खोलगट झालं की आजूबाजूचं पाणीही तिकडेच धावतं आणि खळगा आणखी वाढतो. हे सगळं इतक्या सावकाश चालतं की कुठेही काही कोसळत नाही. आकार पसरट ताटलीसारखा किंवा नरसाळ्यासारखा, कडा उतरत्या, आणि तळाशी तांबडी माती. चुनखडीत जो न विरघळणारा गाळ असतो, त्याचा या मातीत मोठा वाटा. उघड्याबोडक्या खडकाळ पठारावर जाड माती मिळायची ती इथेच. म्हणून शेतकऱ्यांनी तळातले दगड वेचून बाजूला रचले आणि तिथे शेतं केली. खड्ड्याच्या तळाशी नीट आखलेलं शेत दिसलं, तर तो वर्ताचा असण्याचीच शक्यता जास्त.

उदोर्नित्साची गोष्ट खालून सुरू होते. आधी गुहा, मग तिचं छत पातळ होत जातं, आणि शेवटी ते ढासळतं. अभ्यासवाटेवरच्या सज्जातून दिसणारी वेलिका दोलिना अशीच आहे: १६५ मीटर खोल, भिंती जवळजवळ सरळसोट. शेजारची माला दोलिना १२० मीटर. दोन्हींच्या मध्ये खडकाचा नैसर्गिक पूल उरलाय, म्हणजे पूर्वीच्या छताचा न पडलेला तुकडा. तळाशी रेका नदी वाहते. (‘रेका’चा अर्थच नदी. नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलेलं नाही.) पाणी न मुरू देणाऱ्या खडकांवरून ती इथवर वाहत येते, चुनखडी लागल्यावर श्कोत्स्यान गावाखाली शिरते, या दोन खड्ड्यांत तोंड दाखवते आणि पुन्हा गडप होते. मग तीस किलोमीटरहून अधिक अंतरावर, इटलीत, तिमाव्हो नावाने वर येते.

एवढं मोठं छत कोसळलं, तर त्याचा ढिगारा कुठे गेला? तो नदीने नेला, काही वाहून, काही विरघळवून. खाली वाहतं पाणी नसतं तर खड्डा स्वतःच्याच दगडांनी भरून गेला असता.

नावांचा गोंधळ मात्र गमतीचा आहे. स्लोव्हेनियनमध्ये ‘दोलिना’ म्हणजे साधी दरी. वेलिका दोलिना म्हणजे मोठी दरी. तोच शब्द शास्त्रज्ञांनी उचलला, त्याचा ‘डोलाइन’ केला आणि जगभर मुख्यतः वर्ताच्यासारख्या खळग्यांना चिकटवला. असे सगळे खड्डे गुहा कोसळूनच झाले, असं १९व्या शतकात अनेकजण मानत. बहुतेक खड्डे विरघळून झाले आहेत, हे सर्बियन भूगोलतज्ज्ञ योव्हान त्स्वियिच यांनी १८९३मध्ये ठासून मांडलं.

आकारमानावरून ओळखायला जाऊ नका. लहान उदोर्नित्साही असतात. भिंत बघा, माती बघा. पण जुन्या उदोर्नित्साच्या भिंती झिजून उतरत्या झाल्या आणि तळाशी माती साचली, की नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणं अवघड होतं. तिथे जाणकारही जपून बोलतात.

वेलिका दोलिनाच्या बाबतीत तसं जपून बोलायची गरज नाही. इतक्या खोल खड्ड्यात थंड हवा तळाशी साचून राहते, त्यामुळे तिथे आल्प्समधलं प्रिम्युला नावाचं फुलझाड वाढतं. आणि त्याच खड्ड्यात, उबदार ओलसर कपारीला, भूमध्य प्रदेशातला हंसराज. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या भिंतींवर दिसतो ना, त्याच कुळातला.