वायपर थांबून-थांबून चालेना? मोटरला दोष देऊ नका

जुन्या स्पोर्ट्स कारचा वायपर इंटरमिटंटवर चालेनासा झाला की ‘मोटर गेली’ हे ठरलेलं निदान. बहुतेकदा ते चुकीचं असतं. स्लो आणि फास्ट नीट चालतंय ना? मग मोटर ठणठणीत आहे.

मधला थांबा मोजतो रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी छोटी डबी. तो मोटरला क्षणभरच करंट देतो; उरलेला फेरा मोटरमधला पार्किंग स्विच (वायपरला काचेच्या कडेशी आणून थांबवणारा) पूर्ण करून घेतो. रिलेचं झाकण काढून पिनांभोवतीचं सोल्डर भिंगाखाली बघा. केसाएवढी गोल चीर दिसली तर पुन्हा सोल्डर मारा. थांबा वाटेल तसा कमी-जास्त होत असेल, तर संशय रिलेतल्या म्हाताऱ्या कपॅसिटरवर (थांब्याची वेळ ठरवणारा भाग).

बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असेल, तर मात्र पार्किंग स्विचचे पॉइंट साफ करा. अर्थात आधी बॅटरीची वायर काढून. लिंकेज (मोटर आणि वायपर जोडणारे दांडे) बोटांची गय करत नाही.