कॅसेट डेक व वॉकमन : मुंबईतील जतन आणि देखभाल

कॅसेट वाजवणारी जुनी यंत्रे, म्हणजे घरगुती डेक, रेडिओसह येणारे टू-इन-वन आणि खिशातले वॉकमन, चालू अवस्थेत बाळगण्याचा हा छंद आहे. मुंबईत त्याला दोन गोष्टींनी वेगळे वळण दिले आहे : समुद्राकाठची दमट हवा, आणि घरोघरी माळ्यावर पडून असलेल्या, दुसरी प्रत नसलेल्या कॅसेटी. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रातले ट्रान्झिस्टर आजही बहुधा शाबूत असतात. रबर आणि ग्रीस मात्र टिकत नाही, आणि ते बदलून यंत्र पुन्हा जुळवणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. म्हणून इथली देखभाल ही इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा यांत्रिक कामाचीच बाब आहे.

पार्श्वभूमी

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट प्रथम दाखवली. बेल्जियममधील हॅसेल्ट येथे लू ऑटेन्स यांच्या हाताखालील चमूने ती घडवली होती. फितीची रुंदी ३.८१ मिमी. आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. मुळात ही सोय बोललेले टिपून ठेवण्यासाठी होती, संगीतासाठी नव्हे. इतक्या अरुंद आणि संथ फितीतून चांगले संगीत काढायचे, या हट्टातून पुढची दोन दशके गेली : डॉल्बी-बी ही खरखर कमी करणारी पद्धत, क्रोम आणि मेटल फिती, जपानी नाकामिची कंपनीचा तीन हेडचा (हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा-लिहिणारा चुंबकी भाग) डेक (१९७३) आणि त्याच कंपनीचा ‘ड्रॅगन’ (१९८२). १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, जपानमध्ये विक्रीला आला.

मुंबईत ही यंत्रे तीन वाटांनी आली. पहिली वाट आखातात नोकरीला गेलेल्यांची. रत्नागिरी-रायगडकडची आणि मुंबईतली माणसे सुट्टीवर येताना नॅशनल पॅनासॉनिक, सोनी, सान्यो, शार्प असे टू-इन-वन घेऊन येत. घरच्यांनी बोलून भरलेल्या कॅसेटी परतीच्या सामानात जात, पत्राऐवजी. मुसाफिरखाना, मनीष मार्केट आणि हाजी अलीजवळचे हिरा पन्ना ही परदेशी मालाची ठिकाणेही याच वाटेवरची. दुसरी वाट देशी कंपन्यांची : फिलिप्स, बुश, बीपीएल-सान्यो, कॉस्मिक, सोनोडाइन. तिसरी खास बाजारपेठेची. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे मेकॅनिझम, अँप्लिफायरची पाटी आणि लाकडी खोके एकत्र बसवून ‘असेंबल्ड’ डेक बनत. संग्राहक या डेकना नाके मुरडतात. पण दुरुस्तीला इतके सोपे यंत्र दुसरे नाही. आत प्रत्येक भाग स्वतंत्र आणि हाताला येण्याजोगा असतो.

खुद्द जपानच्या बाजारासाठी बनलेली यंत्रे १०० व्होल्टची असतात. मागे व्होल्टेज बदलण्याचे बटण नसेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावाच लागतो. थेट २३० व्होल्टच्या प्लगात खुपसलेले यंत्र आतला ट्रान्सफॉर्मर जाळून घेते. जुन्या बाजारात ‘फक्त फ्यूज गेलाय’ म्हणून विकायला ठेवलेल्या सेटांमध्ये असले जळके सेट बरेच निघतात.

रबर, ग्रीस आणि पावसाळा

मोटर एका रबरी बेल्टने जड चाक फिरवते. त्या चाकाचा बारीक दांडा म्हणजे कॅपस्टन, आणि त्यावर दाबून बसणारा रबरी पिंच रोलर. फीत ओढली जाते ती या दोघांच्या चिमटीतून. रिळांचे काम केवळ सोडणे आणि गुंडाळणे. बेल्ट सैल झाला की वेग कमी होतो आणि लांबवलेला स्वर लहरू लागतो. गुंडाळणाऱ्या रिळाचा रबरी टायर घसरू लागला तर फीत आतच साचते, रोलरला लपेटते आणि ‘डेकने कॅसेट खाल्ली’ अशी ओरड होते. दोष बहुधा कॅसेटला दिला जातो. कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा त्याच यंत्रात घालण्याआधी टायर पाहिलेला बरा.

उष्ण, दमट हवेत जुने बेल्ट तुटत नाहीत, ते वितळून डांबरासारखे होतात. हा काळा चिकटा कप्पीच्या खाचेत आणि चाकाच्या कडेला बसतो, बोटांना लागला की दिवसभर निघत नाही. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने चिकाटीने काढावा लागतो. थोडाही राहिला, तर नवा बेल्ट त्या उंचवट्यावर दर फेऱ्याला उडी मारतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यातला अ‍ॅसिटोन प्लॅस्टिकच्या कप्प्या विरघळवतो. नवा बेल्ट जुन्याच्या मापाने घेणे ही दुसरी नेहमीची चूक. जुना ताणलेला असतो. बेल्ट ज्या वाटेने फिरतो ती वाट दोऱ्याने मोजावी आणि त्याहून थोडा लहान बेल्ट निवडावा. लॅमिंग्टन रोडवर चौकोनी छेदाचे बेल्ट मिश्र मापांच्या पाकिटात मिळतात. चाकासाठी लागणारा चपटा बेल्ट मात्र शोधावा लागतो. ऑफिसातले रबरबँड लावून डेक फिरतो हे खरे. गाणे फिरत नाही.

पिंच रोलर कालांतराने चकचकीत आणि कडक होतो. वरवरचा थर अल्कोहोलने पुसून निघतो. तेवढ्याने भागले नाही तर रोलरच बदलायचा. प्लेचे बटण दाबलेलेच ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करण्याची सवय इथल्या घरांत सर्रास होती. तसे केले की जुन्या यंत्रात रोलर कॅपस्टनवर दाबलेलाच राहतो, त्याला खळगा पडतो, आणि तो खळगा पुढे प्रत्येक फेऱ्याला ऐकू येतो. आधी स्टॉप, मग वीज.

ग्रीसची गोष्ट उलटी आहे. ती वितळत नाही, मेणासारखी घट्ट होते. कळ दाबली तरी खाली राहत नाही, हेडचा पाट अर्ध्यावर थांबतो. जुनी ग्रीस पूर्ण पुसून नवी अगदी थोडी लावायची, आणि कॅपस्टनच्या बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. शिवणयंत्राचे तेल सढळ हाताने सोडणाऱ्या मेकॅनिकपासून सावध राहावे. ते तेल बेल्टवर उडते आणि आठवड्याभरात यंत्र पुन्हा त्याच टेबलावर येते.

खरा शत्रू जून ते सप्टेंबर. फितीच्या कडेवर, कॅसेटच्या खिडकीतून दिसेल अशी पांढरी भुकटी धरते. ती बुरशी असते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये कधीही घालू नये, कारण बीजाणू हेड आणि रोलरला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात. ती वेगळी काढावी, नाकातोंडाला मास्क बांधून, जुन्या टाकाऊ यंत्रावर किंवा हाताने, कोरड्या आणि धागे न सुटणाऱ्या कापडातून फीत गुंडाळून घ्यावी. स्क्रूने बंद होणारी कॅसेट असेल तर फीत नव्या खोक्यात हलवता येते. जोड वितळवून बंद केलेली असेल तर पात्याने फोडावी लागते. फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा चिमुकला तुकडा याच वेळी पाहावा. त्याचा गोंद सुकून तो गळून पडलेला असतो, आणि मग आवाज अकारण मंद, दबका येतो.

कॅसेटी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभ्या ठेवाव्यात. पुडीतल्या दाण्यांचा रंग पालटला की त्या गरम करून पुन्हा वापरता येतात. लोखंडी कपाटात कपड्यांबरोबर ठेवायच्या असतील तर डांबरगोळ्या दूर ठेवाव्या, कारण नॅप्थॅलिनची वाफ कॅसेटच्या डबीचे पॉलिस्टायरिन खराब करते. स्पीकरच्या डोक्यावर कॅसेटींचा मनोरा रचणे शोभेला चांगले, फितीला वाईट.

यंत्रालाही बंद राहणे मानवत नाही. महिन्यातून एकदा दोन्ही बाजू वाजवलेला डेक, वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या ‘कोऱ्या करकरीत’ डेकपेक्षा जवळजवळ नेहमीच बरा निघतो. पिशवीत ओल कोंडते.

हेड, कोन आणि वेग

हेडवर तपकिरी थर साचतो, तो फितीवरून सुटलेल्या आयर्न ऑक्साइडचा. दहा-पंधरा कॅसेटींनंतर हेड, कॅपस्टन आणि रोलर पुसावेत. हेडला कालांतराने चुंबकत्वही चढते. ते काढण्याची कांडी मिळते. वापरताना डेक बंद हवा, कांडी दूर चालू करायची, हेडजवळ आणायची आणि हळूहळू हातभर लांब नेल्यावरच बंद करायची. हेडजवळ असतानाच बंद केली तर काढायला गेलो तेच वाढवून ठेवले असे होते.

बहुतेक मालकांना ठाऊक नसलेली आणि सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे हेडचा कोन, ज्याला अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडमधली फट फितीच्या प्रवासाशी बरोबर काटकोनात हवी. १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लहर या फितीवर अवघी ४.७६ मायक्रॉन लांब असते. स्टिरिओतील एका पट्ट्याची रुंदी साधारण ०.६ मिमी. असते. तेव्हा हेड केसभर कलले तरी पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला वेगवेगळ्या लहरी वाचल्या जातात आणि त्या एकमेकींना खातात. झांज, तंबोऱ्याची जवारी, ‘स’ आणि ‘श’ नाहीसे होतात. मोनो यंत्रात पट्टा १.५ मिमी. रुंद असल्याने नुकसान आणखी जास्त. हेडच्या बाजूच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूने हा कोन बदलतो, आणि मेकॅनिक तो नेलपॉलिशच्या थेंबाने पक्का करतात.

घरगुती कॅसेटींच्या बाबतीत एक पेच पडतो. बारशाचे, लग्नाचे किंवा गणपतीतल्या भजनाचे ध्वनिमुद्रण ज्या टू-इन-वनवर झाले त्याचे हेडच कललेले असेल, तर ती कॅसेट अचूक जुळवलेल्या महागड्या डेकवर दबकी वाजते आणि त्या जुन्या खटाऱ्यावर स्वच्छ. यावर उपाय असा : स्क्रूची मूळ जागा खूण करून ठेवायची, दोन्ही वाहिन्या मोनोत एकत्र ऐकत, ती विशिष्ट कॅसेट सर्वांत उजळ वाजेल तिथपर्यंत स्क्रू हळूच फिरवायचा, तिची डिजिटल प्रत करायची आणि स्क्रू जागेवर आणायचा. दुकानांतून मिळणाऱ्या छापील कॅसेटींसाठी ही यातायात करण्याची गरज क्वचितच पडते. तीच गाणी आता इतरत्र चांगल्या प्रतीत मिळतात. आजीचा आवाज तसा मिळत नाही, म्हणून कष्ट करायचे तर तिथे.

वेग मोटरच्या पाठीवरच्या बारीक भोकातून, आतल्या स्क्रूने, जुळवतात. त्यासाठी ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा स्वर भरलेली चाचणी कॅसेट आणि मोबाइलवरचे स्वरमापक पुरते. गाण्यातल्या माणसाला कॅसेटही लागत नाही. वेगात सहा टक्के फरक म्हणजे पूर्ण एक अर्धस्वर, काळी एकची मैफल पांढरी दोनमध्ये. गायकाची पट्टी माहीत असली की पेटी जवळ घेऊन डेक जुळवता येतो. मात्र मुद्रण करतानाच सेल उतरलेले असतील तर यंत्र निर्दोष असूनही कॅसेट वर चढलेली वाजणार, आणि ती दुरुस्ती डिजिटल प्रतीतच करावी लागते.

वॉकमन

मराठी घरांत कुठल्याही कंपनीचे खिशातले यंत्र वॉकमनच असते. त्यातले बेल्ट दोऱ्याइतके बारीक, स्क्रू डोळ्यांची परीक्षा पाहणारे आणि जोडतारा ठिसूळ. सोनीच्या डब्ल्यूएम-डीडी मालिकेत बेल्टऐवजी चकतीने चाक फिरते. त्यातले मधले प्लॅस्टिकचे दातेरी चाक तडकते आणि दर फेऱ्याला टकटक ऐकू येते. नवे चाक बसवल्याशिवाय इलाज नाही. १९८४ चा डब्ल्यूएम-डी६सी हा क्वार्ट्झने वेग सांभाळणारा, मुद्रणही करणारा वॉकमन संग्राहकांच्या विशेष मर्जीतला, आणि किमतीवरून ते कळते. सेल आत विसरल्यास गळून पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने त्या पुसून नंतर अल्कोहोलने कोरड्या कराव्यात. तीन व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावताना मधली पिन अधिक की उणे हे यंत्रावरच्या खुणेशी ताडून पाहावे, कारण कंपनीगणिक ते बदलते.

खरेदी आणि सुटे भाग

चोर बाजारात मटन स्ट्रीटच्या परिसरात आणि शुक्रवारी सकाळी भरणाऱ्या बाजारात अजूनही डेक दिसतात. जाताना स्वतःची एक नावडती कॅसेट, हेडफोन आणि सेल न्यावेत. संथ, लांब स्वराचे काही वाजवावे. ढोलकीवर वेगाचा दोष लपतो, बासरीवर उघडा पडतो. दोन्ही वाहिन्या, पुढे-मागे पळवणे आणि मुद्रण तपासावे. ‘बंद आहे, स्वस्तात घ्या’ असे यंत्रही उपयोगी असते, त्याच मॉडेलचा दुसरा सेट घरी असेल तर. सुटे भाग आता मुख्यतः अशाच बळींतून मिळतात.

सोनीने जपानमधील कॅसेट वॉकमनचे उत्पादन २०१० मध्ये थांबवले. काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाऊस’ हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. अलीकडे फियोसारख्या कंपन्यांनी नवे खिशातले प्लेअर आणले आहेत आणि टीॲकचा नवा जोड-डेकही निघाला, पण त्यांत अस्सल डॉल्बीची चिप नाही. त्यामुळे डॉल्बीत भरलेली कॅसेट तशीच्या तशी ऐकायची असेल तर जुना डेकच भरवशाचा. अशी कॅसेट लावण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही टॅब मोडलेले आहेत याची खात्री करावी, म्हणजे चुकून तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. नसतील तर मोडावेत. जुन्या टू-इन-वनवर प्ले आणि रेकॉर्ड ही बटणे एकमेकांना लागून असतात.