दरखास्तीपासून ताबा सूचनेपर्यंत : बँकांच्या कर्जवसुलीची पार्श्वभूमी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली ‘ताबा सूचना’ सगळ्यांच्याच नजरेखालून जाते. कर्जदार, जामीनदार, थकबाकीचा आकडा आणि मग सदनिकेच्या चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक यांची मिळकत. हीच सूचना त्या घराच्या दारावरही चिकटवलेली असते. ज्याचे घर आहे त्याला ती शेजाऱ्यांसमोर वाचावी लागते. यामागे कुठल्याही न्यायालयाचा निकाल असावा लागत नाही, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

पूर्वी तसे नव्हते. बँकेला दिवाणी दावा लावावा लागे, हुकूमनामा मिळवावा लागे आणि तो हाती आल्यावर बजावणीसाठी पुन्हा दरखास्त द्यावी लागे. जप्तीलाही मर्यादा होत्या आणि आहेत. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, धर्माच्या रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. वसुली माणसाच्या मुळावर उठली की काय होते, हे दख्खनने १८७५ साली पाहिले होते. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि १८७९ साली सरकारला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले.

१९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर कर्जवाटप वाढले आणि त्याच्या पाठोपाठ दावेही. ३० सप्टेंबर १९९० रोजी सरकारी बँकांचे १५ लाखांहून अधिक दावे तुंबलेले होते. त्यांत ५,६२२ कोटी रुपयांहून जास्त रक्कम अडकली होती. म्हणून १९९३ साली १० लाख आणि त्यावरच्या थकबाकीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणे आली. (ही मर्यादा २०१८ पासून २० लाख आहे.) पण लवकरच तिथेही तारखांवर तारखा पडू लागल्या. शिवाय १९८५च्या आजारी उद्योगांविषयीच्या कायद्याचे कलम २२ होतेच. कंपनीचे प्रकरण ‘बीआयएफआर’ या आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाकडे नोंदले गेले की वसुलीला स्थगिती मिळे. बड्या थकबाकीदारांना हा आडोसा वर्षानुवर्षे पुरला.

२००२चा सरफेसी कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. खाते अनुत्पादक झाले, म्हणजे त्याची परतफेड थकली, की बँकेने ६० दिवसांची नोटीस द्यायची आणि त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर तारण स्वतःच ताब्यात घेऊन विकायचे. शेतजमीन तेवढी वगळली. मूळ कायद्यातली एक अट तर फार जाचक होती : न्यायाधिकरणात दाद मागायची असेल, तर आधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरा. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो ही रक्कम आणणार कुठून? मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये ही अट रद्द केली आणि कर्जदाराच्या हरकतीला बँकेने कारणांसह उत्तर द्यायलाच हवे, असे बजावले. आज त्या उत्तराला १५ दिवसांची मुदत आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासात सामान्य कर्जदाराच्या सर्वांत कामाचा निकाल हाच. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो, हे मे २०२० मध्ये नक्की झाले.

तरी एक असमतोल राहिलाच. एका बँकेकडे गहाण असलेल्या घराला कुलूप लावणे सोपे असते. दहा बँकांनी मिळून कर्ज दिलेल्या कारखान्याच्या बाबतीत मात्र कोणी पुढे व्हायचे यावरच घोडे अडते आणि मालक खुर्चीत कायम राहतो. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जखात्यांची झाडाझडती घेतली, तेव्हा झाकलेली थकबाकी उघड्यावर आली. मार्च २०१८ पर्यंत ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेले. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने पहिल्यांदा नेमके मर्मावर बोट ठेवले. न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेताच संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कारभार नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो. पुढे १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारेही या संहितेखाली आले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. मे २०२१ मध्ये ते फेटाळले गेले.