ग्रँट-कोर्स रँचची सहल : फाटकाविषयी आमच्या प्रवाशांना सविस्तर सूचना

सिअ‍ॅटलहून यलोस्टोनकडे जाताना मोंटानातील डीअर लॉज गावालगतच्या ग्रँट-कोर्स रँचवर (गुरे पाळण्याच्या जुन्या विस्तीर्ण जागेवर) आम्ही अर्धा दिवस का मोडतो आणि तेथे गाईला घास का घालू देत नाही, हे जवळपास प्रत्येक कुटुंब विचारते, म्हणून हे पत्रक बुकिंगसोबतच देत आहोत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे १९७२ पासून असलेल्या या सुमारे १,६०० एकरांच्या जागेवर आजही गुरे चरतात आणि गवताची कापणी होते. पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांची थकलेली दोन जनावरे घेऊन त्यांना एक धष्टपुष्ट जनावर द्यायचे आणि ती दोन याच खोऱ्यात चारून पुन्हा उभी करायची, या व्यवहारावर रँचचा मूळ मालक जॉनी ग्रँट याने आपला कळप वाढवला. पुढे १८६६ मध्ये सोन्याच्या खाणकामगारांना मांस पुरवणाऱ्या कॉनराड कोर्सने त्याची रँच विकत घेतली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उघड्या माळावरची असंख्य गुरे दगावल्यावर चारा कापून साठवण्याला या प्रदेशात महत्त्व आले. गवत वर ओढून गंजीवर टाकणारी बीव्हरस्लाइड ही उतरती लाकडी चौकट त्याच गरजेतून आली. ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे.

आता फाटकाविषयी. डबा उघडून पोळी किंवा केळे हातात घेऊन कोणी गाईपाशी जायला निघते, वाटेतले फाटक उघडते आणि परतताना ते तसेच राहते. किंवा उघडे दिसलेले फाटक चांगल्या हेतूने लावून घेतले जाते. दोन्ही गोष्टी सारख्याच अडचणीच्या आहेत, कारण उघडे फाटक बहुधा गुरांना पाण्यापर्यंत जाता यावे म्हणून ठेवलेले असते, तर बंद फाटकामागे वेगळा काढलेला वळू किंवा वासरे असू शकतात. एकदा कळप मिसळला की तो निवडून वेगळा करण्यात तेथील माणसांचा वेळ जातो, आपली मंडळी खोळंबतात आणि रँचवरचे मालकांचे जुने घर पाहण्याची ठरलेली वेळ हुकते. हे १८६२ सालचे घर आतून केवळ रेंजरसोबतच (उद्यान सेवेच्या कर्मचाऱ्यासोबतच) पाहता येते. आपल्याकडची दावणीची गाय माणसाच्या हाताला सरावलेली असते. माळावर वासरासह राहणारी गाय जवळ येणाऱ्यावर सरळ धावून जाऊ शकते. म्हणून फाटक जसे दिसेल तसेच ठेवावे आणि कुंपणाच्या अलीकडेच थांबावे, ही विनंती ज्येष्ठांना आधीच समजावून सांगावी. त्यांची श्रद्धा आम्हाला कळते, पण तेथे तिला वाट नाही.

ही गुरे मांसासाठीच पाळली जातात, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. ज्यांना ते पाहणे नको असेल त्यांना जुन्या बग्ग्यांच्या कोठारात आणि घरात वेळ घालवता येतो. तशी कल्पना मात्र बुकिंग करतानाच द्यावी.

रँचचा प्रवेश विनामूल्य आहे, मग तुमचे पैसे कशाचे, असाही प्रश्न येतो. आमच्या आकारात गाडी, चालक, मराठीतून माहिती देणारा सोबती आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा येतो. हेच ठिकाण पाऊण तासात उरकणाऱ्या सहली स्वस्त पडतात, हे खरे. परंतु तेवढ्या वेळात घर आणि कुरण यांपैकी एकच पदरात पडते. बंद बूट घालावेत, कारण पायवाटांवर शेण असते. घर पाहण्याची वेळ आम्ही तेथे पोहोचताच निश्चित करतो; त्यामुळे सकाळी हॉटेलातून ठरल्या वेळी निघणे सर्वांच्या सोयीचे आहे.