बाळ झाल्यावर आईकडेही बघा

बाळ रडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नजरा बाळाकडे वळतात. आईसाठी मात्र अतिरक्तस्रावाच्या जोखमीचे तास तेव्हाच सुरू होतात.

दिवस भरत आले की गर्भाशयाला मिनिटाला साधारण 500 ते 700 मिलिलिटर रक्त पुरवलं जातं. वार (गर्भाशयाला चिकटून बाळाला पोसणारा अवयव) सुटली की त्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. रक्त थांबवतो तो मुख्यतः गर्भाशयाचा स्नायू. त्याच्या आडव्यातिडव्या धाग्यांमधूनच या वाहिन्या जातात. स्नायू आवळला की त्या जागच्या जागी चिमटल्या जातात. आवळलेलं गर्भाशय बेंबीच्या आसपास चेंडूसारखं टणक लागतं. मऊ लागलं तर धोका आहे. नर्स पुन्हा पुन्हा पोट दाबून बघते ते याचसाठी. बाळंतिणीला ते दुखतं, पण तिला तपासू द्यावं.

बाळ जन्मताच दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हा स्नायू आवळायला लावतं. बाळाला अंगावर पाजतानाही शरीरात हेच संप्रेरक स्रवतं, म्हणून तेव्हा ओटीपोटात कळ येते.

खरी पंचाईत अशी, की गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढलेलं असतं. त्यामुळे बरंच रक्त गेलं तरी नाडी आणि रक्तदाब काही काळ ठीकच दिसतात. नजरेचा अंदाजही चुकतो, आणि तो बहुधा कमीच निघतो. म्हणून रक्त मोजणं मला फार महत्त्वाचं वाटतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानियातल्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं गेलं. प्रमाण वाढताच गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं. 2023 साली निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं होतं. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे उशीर परवडत नाही.

आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडा स्रावही झेपत नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं, तर लोहाच्या गोळ्या तेव्हाच, नेमाने घ्यायला हव्यात.

घरी आल्यावर अंगावरून जाणं हळूहळू कमी व्हायला हवं, रंगही फिका पडायला हवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, किंवा तापासोबत स्रावाला दुर्गंधी आली, तर बाळंतपणाला काही आठवडे उलटून गेले असले तरी तिला लगेच रुग्णालयात न्या.